बोटीवरचं पितळ घासताना या चुका टाळा

नारळी पौर्णिमा जवळ आली की किनाऱ्यावर ओढलेल्या बोटींची रंगरंगोटी सुरू होते. त्याच घाईत घंटा, बिजागऱ्या, दोर बांधायचे क्लीट, पोर्टहोलच्या (बोटीच्या गोल खिडक्यांच्या) चौकटी असं सगळं पितळ घासायला काढलं जातं. खाऱ्या हवेने आलेला काळपट-हिरवा थर बहुतेक वेळा वरवरचाच असतो. चुकीच्या घासण्याने होणारं नुकसान मात्र आत शिरतं.

सगळ्यात मोठी चूक चिंचेची, किंवा लिंबू-मिठाची. समईला चिंच चालते, कारण ती लगेच खळखळून धुऊन पुसली जाते. बोटीवर तोच आंबटपणा आणि मीठ स्क्रूच्या खाचांत, सांध्यांत अडकून राहतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खारं पाणी आणि आम्ल त्यातलं जस्त आधी खातं आणि मागे पोकळ, ठिसूळ तांबं उरतं. त्यामुळे घासल्यावर पितळ गुलाबी दिसलं तर खूश होऊ नका. मऊ कापडाने थोडं पॉलिश करून बघा. पिवळा रंग परतला तर गुलाबीपणा फक्त वरचा होता. नाही परतला, तर टोकदार सुरीने तिथे टोचा. भुगा निघाला, खड्डा पडला, तर तो भाग बदलायलाच हवा. क्लीटवर अख्ख्या बोटीचा ताण येतो, तिथे चालढकल करू नये. पाण्याखालच्या व्हॉल्व्हला तर साधं पितळ नकोच, तिथे ब्रॉन्झ, म्हणजे कांसं लागतं.

अमोनिया असलेलं क्लीनरही टाळा. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि धातूत आधीपासून असलेला ताण, ही दोन्ही कारणं १९२१ च्या सुमारास स्पष्ट झाली. वाकवून किंवा ठोकून घडवलेल्या बोटीवरच्या भागांतही असा ताण असतो.

लोखंडी तारेची घासणी तर हातातही घेऊ नका. तिचे कण डेकवर पडतात आणि दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके उमटतात. घासण्याआधी चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर पितळेचा फक्त मुलामा. जोर लावला की तो निघून जाईल. क्रोमचा मुलामा असलेल्या पितळेचंही तेच.

आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा, नाहीतर त्याचेच खडे ओरखडे काढतात. मग भोवतालच्या लाकडावर मास्किंग टेप लावा. पॉलिश सागवानात मुरलं की काळा डाग सहजासहजी जात नाही. जमेल ते सुटं करून घासावं, पण परत बसवताना स्क्रूखाली नवं सीलंट भरायला विसरू नका, नाहीतर पाणी आत झिरपतं. कोपऱ्यांत उरलेलं पॉलिश जुन्या टूथब्रशने काढा, तिथेच हिरवट कड धरते.

शेवटी लॅकर, म्हणजे चमक टिकवणारं पारदर्शक वॉर्निश, मारायचा मोह होतो. घरातल्या वस्तूंवर ते टिकतं, पण डेकवर ऊन आणि दोरांच्या घर्षणाने चिरतं. चिरेतून मीठ आत शिरलं की खाली काळे पट्टे पडतात आणि मग सगळं लॅकर थिनरने काढल्याशिवाय पितळेला हात लावता येत नाही. त्यापेक्षा मेणाचा पातळ हात द्यावा. तो लवकर उतरतो, पण पुन्हा लावायला कापडाचा एक तुकडा पुरतो.