जुन्या सर्व्हर बोर्डाचं बायॉस: आधी चिप वाचा, मग लिहा

सर्व्हर व्यवस्थित चालत असेल तर बायॉसला, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, हात लावू नका. बदललेला झिऑन प्रोसेसर ओळखला जात नाही, वाढवलेली रॅम पूर्ण दिसत नाही, असं ठोस कारण असेल आणि नव्या बायॉसच्या रिलीज नोट्समध्ये (बदलांच्या यादीत) त्याचा उल्लेख असेल, तरच पुढे जा.

डेल, एचपी, आयबीएमच्या मशीनमध्ये घोळ होतो तो बहुतेकदा फाईलचा. बोर्ड दुसऱ्या कंपनीने बनवलेला असला तरी बायॉस विक्रेत्याच्या ओळखीला बांधलेलं असतं. दिसायला तसाच असलेल्या बाजारातल्या बोर्डाची फाईल फ्लॅश टूल (चिपवर बायॉस लिहिणारा प्रोग्रॅम) नाकारतं. तो नकार मोडून जबरदस्तीने लिहिलं की बोर्ड मरतो, किंवा चालू होऊनही पंखे आणि सेन्सर चुकीचे वागतात. म्हणून डब्यावरचं मॉडेल पाहून भागत नाही. बोर्डावर छापलेला पार्ट नंबर आणि रिव्हिजन जुळवा. फार जुन्या आवृत्तीवरून थेट शेवटच्या आवृत्तीवर जाता येतं का, तेही नोट्समध्ये तपासा.

खरा विमा म्हणजे बायॉस ज्या चिपमध्ये असतं तिच्यातल्या मजकुराची प्रत. आठ पायांची 25 मालिकेतली एसपीआय चिप असेल तर सीएच341ए प्रोग्रॅमर (चिप वाचणारं-लिहिणारं यूएसबी उपकरण) आणि चिपचे पाय पकडणारी क्लिप पुरते. चिप बहुधा 3.3 व्होल्टची असते, पण या स्वस्त प्रोग्रॅमरच्या काही काळ्या बोर्डांवर डेटा लाइनला 5 व्होल्ट येतात, तेव्हा मल्टिमीटर लावून बघा. पॉवर केबल आणि बोर्डावरचा सीआर2032 बटण सेल काढून दोनदा वाचा. दोन्ही फाईली बाइटन् बाइट जुळल्या तरच ती प्रत. जुळत नसतील तर क्लिप सैल आहे, किंवा बोर्डावरचे इतर भाग वीज ओढताहेत. बत्तीस पायांची पीएलसीसी चिप सॉकेटमधून पुलरनेच (चिप उचलायच्या चिमट्यानेच) काढा. तिला सीएच341ए चालत नाही. चिपचा नंबर ज्याच्या यादीत आहे असा प्रोग्रॅमर लागतो.

गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत सॉकेटच्या पिना काळवंडतात आणि वाचन फसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. एसीतून बाहेर आणलेला थंडगार बोर्ड लगेच उघडून जोडू नका, त्यावर दव धरतं. पावसाळ्यात लाईट जाते हे गृहीत धरा: मशीन यूपीएसवर हवं, आणि घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर तो यूपीएस मोडवर. साध्या मोडवर पालटायला लागणारा वेळ सर्व्हरचा पॉवर सप्लाय सोसेलच असं नाही.

फ्लॅश करण्यासाठी फ्रीडॉसची (मोफत डॉसची) पेनड्राइव्ह फॅट16 किंवा फॅट32 मध्ये बनवा. मेमरी मॅनेजर न भरता बूट करा. ईएमएम386 हा असा मॅनेजर फ्लॅश टूलच्या आड येतो. फार जुनी मशीन यूएसबीवरून उठत नाहीत, तिथे फ्लॉपीच. लिहिताना पडदा थांबल्यासारखा वाटला तरी रिसेट दाबू नका. बीएमसी (सर्व्हरवर दुरून नजर ठेवू देणारी वेगळी चिप) असलेल्या बोर्डावर तिचं फर्मवेअर आणि बायॉस यांचा क्रम निर्मात्याने सांगितलेलाच पाळा.

बोर्ड उठलाच नाही, तर आधी रिकव्हरी जम्पर (बोर्डावरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) शोधा. बूट ब्लॉक (बायॉसचा सुरुवातीचा छोटा भाग) शाबूत असेल तर तो ठरावीक नावाची फाईल फ्लॉपीवरून उचलतो; एएमआयच्या अनेक बोर्डांत ते नाव एएमआयबूट.रॉम असतं. तेही जमलं नाही, तर जपलेली प्रत प्रोग्रॅमरने परत लिहा.

यशस्वी झाल्यावर सेटअपमध्ये डीफॉल्ट भरा आणि मग साटाचा (डिस्क जोडणीचा) मोड पाहा. तो रेडवरून (अनेक डिस्क एका गटात, म्हणजे अ‍ॅरेत, वापरणारा मोड) एएचसीआय (डिस्क सुट्या दाखवणारा मोड) झाला असेल तर डिस्कचा अ‍ॅरे गायब झाल्यासारखा दिसतो. नवा अ‍ॅरे मुळीच बनवू नका, डेटा जाईल. मोड पूर्वीसारखा करून रीबूट करा.