कौटुंबिक न्यायालयात तारीख पुढे मागताना

सुनावणीची तारीख पुढे ढकलून मागण्याच्या अर्जाला कोर्टात ‘मुदतीचा अर्ज’ म्हणतात. कारण एकच लिहा, पण पुराव्यासकट. ‘वैयक्तिक अडचणीमुळे’ एवढंच लिहिलेला अर्ज वाचून कुठल्याही न्यायाधीशांच्या कपाळावर आठी पडते. त्यापेक्षा असं लिहा: ‘अर्जदाराच्या आईची दि. १४ रोजी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.’ वर याचिका क्रमांक, दोन्ही पक्षांची नावं, आजची तारीख. खाली ‘सबब विनंती की’ लिहून नेमकं काय हवं ते. गैरसोयीचे दिवसही सांगून टाका, नाहीतर नवी तारीख नेमकी त्याच आठवड्यात पडते!

अर्जाच्या तीन प्रती काढा: एक कोर्टाला, एक समोरच्या पक्षाला, एक स्वतःला. समोरच्यांना आधी कळवून ‘हरकत नाही’ असं लिहून सही मिळाली, तर निम्मं काम झालं. ते लांबून रजा काढून येणार असतील तर हे सांगणं माणुसकीचंही आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ प्रमाणे सुनावणीदरम्यान एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये असं आहे, आणि मुदत देताना खर्चही बसवता येतो. ‘वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात आहेत’ हे कारण तर तिथे स्पष्टपणे नाकारलंय.

अर्ज दिला म्हणजे तारीख मिळाली, असं धरून घरी बसू नका. पुकारा झाल्यावर कुणीच हजर नसेल तर याचिका निकाली निघू शकते किंवा एकतर्फा चालू शकते. संध्याकाळी ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख पाहा.