पुण्यात संशोधनाला आलात? आधी शब्दांची वही घाला

लातूरहून पुण्यात येऊन मला अकरा वर्षं झाली. गावाकडची कुणी ना कुणी दरवर्षी फोन करते, "ताई, पीएचडीला नंबर लागला, आता पुढं काय?" कॉट बेसिसची खोली, मेस हे कुणीही सांगेल. मी ग्रंथालयाचं सांगते, कारण माझं पहिलं वर्ष तिथंच वाया गेलं.

माझा विषय होता १९७२ चा दुष्काळ आणि खडी फोडणाऱ्या बाया. मी संशोधन-लेखांच्या डेटाबेसमध्ये 'ड्राउट' टाकायचे, चार-पाच लेख यायचे, पुन्हा तेच. या विषयावर काही लिहिलंच गेलं नाही, असं मी गाइडना सांगूनही टाकलं. मग एका ग्रंथपाल बाईंनी शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "सरकार त्याला काय म्हणायचं?" सरकारी कागदांत 'स्कॅर्सिटी' होतं. १८७६-७८ सारख्या जुन्या दुष्काळांना इंग्रजी अमलात 'फॅमिन'. बायांच्या कामाला 'रिलीफ वर्क्स', आणि पुढं 'एम्प्लॉयमेंट गॅरंटी', म्हणजे रोजगार हमी. हे शब्द टाकले आणि पडदा भरून गेला. शोधयंत्र बहुतेक वेळा अक्षरं जुळवतं. तुमच्या मनातला अर्थ त्याला दिसत नाही.

म्हणून एक वही घाला. विषय आधी मराठीत लिहा, जसा आजीला सांगाल तसा. मग प्रत्येक शब्दासमोर सरकारचा, अभ्यासकांचा, जुन्या काळचा असे इंग्रजी प्रतिशब्द. मराठी माध्यमाचा संकोच इथं अजिबात नको. 'दुष्काळ' म्हणजे काय हे तुम्हाला आतून माहीत आहे, ते मोठं भांडवल आहे. गावांची नावंही लिहा: पुणे आणि पूना, सोलापूर आणि शोलापूर, धाराशिव आणि उस्मानाबाद. जुना लेख जुन्याच नावाखाली असतो.

शोधताना एकाच अर्थाचे शब्द 'ऑर'ने (OR) जोडून कंसात घाला, वेगळी कल्पना 'अँड'ने (AND) जोडा. हे जोडणारे शब्द कॅपिटलमध्ये लिहिलेले बरे. 'रिलीफ वर्क्स'सारखी जोडी अवतरणचिन्हांत. 'लेबर'चं ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंग वेगळं, दोन्ही टाका. एक चांगला लेख सापडला की त्याच्या विषयशीर्षकांतून, म्हणजे नोंदीत विषय म्हणून दिलेल्या शब्दांतून, आणखी शब्द उचला.

'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट मिळतात. प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतो. मी आधी संदर्भसूचीची फाइल उघडते. मराठी प्रबंधांत एक अडचण येते. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये युनिकोड मराठीत (आज मोबाइलवर टाइप करतो ती) शोधलं तर काहीच सापडत नाही. तिथं शीर्षकावरूनच शोधा, देवनागरीत आणि रोमनमध्येही.

खोलीवरून जर्नल उघडलं आणि पैसे मागितले, तर लगेच भरू नका. विद्यापीठाच्या नेटवर्कवर ते बऱ्याचदा उघडतं; घरून लॉगिन कसं मिळेल ते काउंटरवर विचारा. सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची जर्नल्स वाचायला देणारी योजना सुरू झाली, त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स आहेत. खासगी महाविद्यालयात असाल तर त्यावर विसंबू नका.

अभ्यासिकेत खुर्ची मिळते, वाट दाखवणारा माणूस मिळत नाही. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जा. अर्थशास्त्र, शेती, मजुरी असा विषय असेल तर गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. त्यांनी कितीतरी जुनी पुस्तकं स्कॅन करून नेटवर ठेवली आहेत. मराठेशाहीवर काम असेल तर भारत इतिहास संशोधक मंडळ. बाहेरच्या ठिकाणी जाताना गाइडचं पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवा. आणि वही न्या. काउंटरवर "दुष्काळावर काही आहे का" विचारण्यापेक्षा वहीचं पान पुढं करा. त्या ग्रंथपाल बाईंनी माझ्या पानावर स्वतःच्या हातानं आणखी सहा शब्द लिहिले होते.