रावेरची केळी दुबईला: आधी कागद, मग कंटेनर
बाग कापणीला आल्यावर कागद शोधत बसू नका. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक, ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करा, नाहीतर बंद पडतो. मग अपेडाची (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी, बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येतात तिचा कोड), जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र). केळीवर आपल्याकडे निर्यात शुल्क नाही, तरी शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद, लागतंच. त्यात केळीचा कोड ०८०३ ने सुरू होतो.

खरी मेख पॅकिंग लिस्टमध्ये. माझ्या पहिल्या कंटेनरला इन्व्हॉइसवर १५४० खोकी, लिस्टवर १५३०! १३ अंशांवरचा माल दोन दिवस बंदरात अडकला, रीफरचं (थंड कंटेनरचं) वीजभाडं माझ्या माथी. आता खोकी मी स्वतः मोजतो, एजंटावर सोडत नाही. फायटोसॅनिटरी (मालात कीड-रोग नसल्याचा) दाखला मात्र माल निघण्याआधीच घ्या.