रशियन शिकताय? उच्चार इंग्रजीतून नको, मराठीतून पकडा

पुण्यात रशियनचा सर्टिफिकेट कोर्स लावला तेव्हा मी वहीत प्रत्येक रशियन अक्षरासमोर इंग्रजी अक्षर लिहून ठेवलं आणि दोन महिने तसंच वाचत राहिले. शेवटी मॅडम म्हणाल्या, अगं तू मराठी ना, मग 'हो'ला 'दा' म्हणायचं सोडून 'डा' काय म्हणतेस?

इंग्रजीत टी-डी म्हणताना जीभ वरच्या हिरडीला लागते, म्हणून आपल्याला ते ट-ड वाटतात. रशियनमध्ये ती दातांना टेकते, म्हणजे सरळ आपले त-द. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या पी, टी, केबरोबर हवेचा झोत येतो, रशियनमध्ये नाही. र पण आपल्यासारखाच थरथरता, इंग्रजीत तर र म्हणताना जिभेचं टोक कुठे टेकतच नाही. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च, ह्यांना रशियनमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत! आपल्याला हे आयतं मिळतं.

खरी मेहनत मऊ व्यंजनांवर, म्हणजे जीभ टाळूकडे उचलून म्हणायच्या व्यंजनांवर, करायची. 'ब्रात' म्हणजे भाऊ, त्यातला शेवटचा त मऊ केला की अर्थ होतो घेणे. मी कितीतरी दिवस 'ब्रात्य' म्हणायचे, त संपल्यावर वेगळा य लावून, आणि ते चूकच. त म्हणतानाच जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलायचा, दोन्ही एकदम. मला जमलं ते असं, 'ती' म्हणायला तोंड तयार करायचं, त सोडायचा आणि ई गिळून टाकायची. इंग्रजीत अशा कडक-मऊ जोड्या नाहीतच, त्यामुळे इंग्रजीतून हे समजत नाही.

रशियनमधला एक स्वर, ы, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. 'ऊ' म्हणा, जीभ तिथेच ठेवा, फक्त ओठ पसरवा, साधारण तो येतो. तिथे साधी 'ई' म्हटलीत तर 'असणे'चं 'मारणे' होतं, म्हणून ह्याला वेळ द्याच.

ज्यावर आघात, म्हणजे बोलताना जोर, नाही तो ओ बदलतो, दूध लिहितात मोलोको, बोलतात मलाको. शेवटचा द पण त होतो, म्हणून शहर लिहिताना गोरोद, बोलताना गोरत. इंग्रजीत बेडचा बेट करून चालत नाही, इथे मात्र तसंच म्हणायचं.

आघात पहिल्या स्वरावर दिला की 'ज़ामक' म्हणजे किल्ला, दुसऱ्यावर दिला की 'ज़मोक' म्हणजे कुलूप, स्पेलिंग दोन्हीचं एकच. साध्या पुस्तकात आघाताची खूण छापत नाहीत, डिक्शनरीत असते, त्यामुळे नवीन शब्द वहीत उतरवताना ती खूण आधी करा, अर्थ नंतर लिहा.