यूएसबी लावलं की लिनक्स कोसळतं? या चुका टाळा

माउस हलेना, कीबोर्ड चालेना, की लोक 'सिस्टिम गेली' म्हणून पॉवरचं बटण दाबून धरतात. अहो, जरा दम धरा. यूएसबीचा कंट्रोलर, म्हणजे पोर्ट सांभाळणारी चिप, मेला की त्याच्यावरचे माउस आणि कीबोर्ड दोन्ही जातात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत ठणठणीत असू शकतो. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) करून पाहा. आत शिरता आलं आणि डीमेसेज या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत एक्सएचसीआयच्या (यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर) नावासमोर 'एचसी डाइड' दिसलं, तर दोषी सापडला. कंट्रोलरचा पीसीआय पत्ता (मशीनमधला त्याचा क्रमांक) ड्रायव्हर सुटावा म्हणून एक्सएचसीआय ड्रायव्हरच्या अनबाइंड फाइलमध्ये आणि मग तो परत जोडला जावा म्हणून बाइंड फाइलमध्ये लिहा. पुष्कळदा रीबूटशिवाय कीबोर्ड परत येतो.

बटण दाबण्याचा दुसरा तोटा म्हणजे पुरावा जातो. जर्नल (सिस्टिमची नोंदवही) साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करायला ५ मिनिटांपर्यंत वेळ घेतं. कीबोर्ड जिवंत असेल तर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवून एस (राहिलेलं डिस्कवर लिहा), यू (डिस्क फक्त वाचण्याजोगी करा), बी (रीबूट) ही अक्षरं दोन-दोन सेकंदांनी दाबा. उबुंटू या लिनक्समध्ये एवढी मुभा आधीपासूनच असते. मशीन परत सुरू झालं की 'जर्नलसीटीएल -के -बी -१' देऊन मागच्या बूटच्या शेवटच्या ओळी वाचा.

आता सगळ्यात चकवणारा प्रकार. पुण्यातल्या नारायण पेठेतलं एक डीटीपीचं दुकान. एसएसडी तपकीर गल्लीतून आणलेल्या यूएसबी ३ च्या केसमध्ये घातलेली, उबुंटू तिच्यावरूनच चालतं. छोटी कामं सुरळीत, पण मोठी पीडीएफ सेव्ह करताना मशीन गोठायचं. तीनदा नव्याने इन्स्टॉल झालं, रॅमही बदलली. लॉग कोरा! कोराच असणार, कारण लॉग जिथे लिहायचा ती डिस्कच गायब झालेली. अशा ठिकाणी शेजारच्या मशीनवरून एसएसएच करून 'डीमेसेज -डब्ल्यू' आधीच चालू ठेवायचं. तसं केल्यावर तिथे यूएएसच्या (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलण्याची पद्धत) अबॉर्ट, म्हणजे काम अर्धवट सोडल्याच्या, ओळी आल्या, मग रीसेट, मग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली. केसमधली ब्रिज चिप (डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारी) यूएएस नीट पाळत नव्हती.

उपाय एका ओळीचा. 'एलएसयूएसबी' कमांडमधून केसचा आयडी घ्या, ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कर्नल ओळीत 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=' पुढे तो आयडी आणि यूएएस टाळायला सांगणारं ':यू' लिहा, अपडेट-ग्रब चालवून रीबूट करा. नंतर 'एलएसयूएसबी -टी'मध्ये ड्रायव्हर यूएएसऐवजी यूएसबी-स्टोरेज दिसलाच पाहिजे. वेग थोडा घटतो, घटू द्या. हेच मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहून इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) अपडेट न करणारे मग 'क्वर्क', म्हणजे ही खास सेटिंग, 'चालत नाही' म्हणतात.

विजेचा हिशोबही कोणी करत नाही. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००. फिरणारी पोर्टेबल हार्डडिस्क सुरू होतानाच त्याच्या आसपास ओढते. बिनअॅडॉप्टरच्या हबवर अशा दोन डिस्क लावल्या तर त्या तुटणारच. डीमेसेजमध्ये एरर -७१ (संवादात बिघाड) किंवा -११० (उत्तर वेळेत नाही) दिसला तर ड्रायव्हरआधी केबल बदला आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवरून मागच्या पोर्टवर जा.

ऑटोसस्पेंड (रिकाम्या डिव्हाइसला आपोआप झोपवणं) -१ करून बंद करण्याचा नेटवरचा नुस्खा डोळे मिटून चिकटवू नका. डिव्हाइस रिकामं बसल्यावरच तुटत असेल तरच त्याचा उपयोग.

वायफाय डाँगलचा ड्रायव्हर बाहेरून कंपाइल केलेला असेल आणि ऊप्सच्या (कर्नलमधल्या चुकीचा अहवाल) मजकुरात 'टेन्टेड'पुढे 'ओ' (बाहेरचं मॉड्यूल असल्याची खूण) दिसत असेल, तर आधी तो मॉड्यूल काढा.

आणि एका वेळी एकच वस्तू उपटा. सगळ्या एकदम काढल्यावर मशीन चाललं, तर गुन्हेगार कोण ते कळणार कसं?