तिरंदाजीच्या बाणाला टोक कुठलं लावावं?

2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) प्रकारात विश्वविजेते झाले. तेव्हापासून सोलापुरातही मुलांना तिरंदाजीला घालायचं का, अशी विचारणा करणारे पालक भेटू लागले. धनुष्य प्रशिक्षक सुचवतात, त्यामुळे तिथं फारसा घोळ होत नाही. गोंधळ होतो तो बाणांच्या टोकांवरून, कारण ती छोटी वस्तू घरबसल्या मागवता येते आणि स्क्रीनवर साध्या टोकांशेजारीच ब्लेडवाली, चकचकीत, जास्त 'भारी' दिसणारी टोकं मांडलेली असतात.

ब्लेडवाली आधी यादीतून काढा. त्यांना ब्रॉडहेड म्हणतात आणि ती शिकारीसाठीच बनतात. फिक्स्ड ब्रॉडहेडची पाती कायम उघडी असतात. मेकॅनिकलची पाती उडताना मिटलेली असतात आणि आदळल्यावर उघडतात. अमेरिकेत क्रॉसबोनं (बंदुकीसारखं धरून घोडा दाबायच्या धनुष्यानं) हरणाची शिकार करणाऱ्यांमध्ये या दोन प्रकारांवरून जुना वाद आहे. उघड्या पात्यांवर हवेचा दाब येतो, त्यामुळे वेगवान क्रॉसबोचा बाण भरकटू शकतो. मेकॅनिकल सरळ उडतं आणि जखमही रुंद करतं, पण पाती उघडण्यात त्याची थोडी ऊर्जा खर्च होते आणि यंत्रणा अडकण्याची धास्ती राहते. तिथल्या शिकाऱ्याच्या दृष्टीनं हा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे तो उद्भवतच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार शिकारीला बंदी आहे आणि प्राण्याला जखमी करणं किंवा तसा प्रयत्न करणंही कायद्याच्या लेखी शिकारच ठरते. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास होतो. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे आणि त्या माळावर काळविटं सहज दिसतात, म्हणून हे स्पष्ट लिहिलं. शिवाय ब्रॉडहेडनं मैदानावरचा फोमचा बट (निशाण लावायचा ठोकळा) चिरफाळतो आणि बाण उपसताना हात कापतो. कुठल्याही मैदानावर ते चालू देत नाहीत.

आता कामाचं.

पहिल्यांदा बाणाच्या शाफ्टवर, म्हणजे दांडीवर, काय छापलंय ते वाचा. टोक धनुष्य पाहून घ्यायचं नसतं, ते शाफ्टच्या मापाचं लागतं. ॲल्युमिनियमच्या बाणावर 1716 असा आकडा असेल तर 17 म्हणजे बाहेरचा व्यास 17/64 इंच आणि 16 म्हणजे भिंतीची जाडी 0.016 इंच. टोकाच्या पाकिटावरही हाच आकडा हवा. कार्बनच्या बाणाला कंपनीचं नाव, मॉडेल आणि स्पाइन (लवचीकपणाचा आकडा, तो पुढं समजावलाय), तिन्ही जुळवा, कारण एकाच मॉडेलमध्ये स्पाइननुसार आतलं भोक बदलू शकतं. इंडियन राउंडच्या (साध्या लाकडी धनुष्याच्या भारतीय प्रकारातल्या) लाकडी बाणाला टोक बाहेरून बसतं, तिथं हे आकडे उपयोगाचे नाहीत.

मग चिकटवायचं की आट्यांचं, हे ठरवा. आट्यांचं टोक शाफ्टमध्ये बसवलेल्या इन्सर्टमध्ये (आतून आटे असलेल्या नळीत) फिरवून लावतात. ते पटकन बदलता येतं, पण नेमबाजीच्या धक्क्यांनी सैल होतं आणि बाण उपसताना बटात राहतं. रिकर्व्हच्या (दोन्ही शेवट पुढं वळलेल्या, कप्प्या नसलेल्या धनुष्याच्या) बारीक कार्बन बाणांना चिकटवायचंच घ्या. कंपाउंडला दोन्ही चालतं. टोकाचा आकार, म्हणजे गोळीसारखा की निमुळता, यावर नवशिक्यानं डोकं शिणवू नये.

डोकं लावायचं ते वजनावर. टोकांचं वजन ग्रेनमध्ये लिहितात. 100 ग्रेन म्हणजे साधारण 6.5 ग्रॅम. एवढंसं वजन बाणाच्या वागण्यात मोठा फरक करतं. दोरी सुटली की मागून धक्का बसतो, पुढं टोकाचं वजन असतं आणि मधला शाफ्ट वाकतो. तो किती वाकणार याचा आकडा म्हणजे स्पाइन. 28 इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मध्यावर 880 ग्रॅम वजन टांगलं आणि तो अर्धा इंच झुकला, तर स्पाइन 500. आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. टोक जड केलं की तोच बाण आणखी लवचीक असल्यासारखा वागतो. हलकं केलं की ताठ होतो. म्हणून मैत्रिणीच्या मुलाला 120 ग्रेनचं टोक लाभलं, यावरून तुमच्या मुलीसाठी काहीच ठरत नाही. तिच्या धनुष्याची ओढ (दोरी खेचायला लागणारा जोर) आणि बाणाची लांबी वेगळी असते.

समतोल घरीच मोजता येतो. टोक बसवलेला बाण बोटावर आडवा ठेवा आणि तो जिथं स्थिर राहील तिथं खूण करा. समजा नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरी अडकते त्या भागाच्या) खाचेपासून शाफ्टच्या पुढच्या कडेपर्यंत 28 इंच आहेत आणि खूण खाचेपासून साडेसतरा इंचांवर आली. निम्मी लांबी 14, म्हणजे खूण मध्यापासून साडेतीन इंच पुढं. साडेतीनला 28 नं भागलं की साडेबारा टक्के येतात. रिकर्व्हच्या नेमबाजीत दहा ते पंधरा टक्क्यांच्या आत काम चांगलं चालतं. खूण फार मागं असेल तर वाऱ्यात बाण डगमगतो, आणि फार पुढं असेल तर लांबच्या अंतरावर लवकर खाली येतो.

सुरुवातीला तोडता येणारी टोकं मिळाली तर तीच घ्या. त्यांच्या मागच्या शेपटीचे तुकडे मोडले की 120 चं 110, 110 चं 100 होतं. जड बाजूनं सुरुवात करा, कारण मोडलेला तुकडा परत जोडता येत नाही. संचातली सगळी टोकं सारख्या वजनाची आहेत का, हे पाहायला ओळखीच्या सराफाचा काटा उत्तम. एका ग्रेनचा, म्हणजे 65 मिलिग्रॅमचा फरकही त्यावर दिसतो. त्याहून जास्त फरक असलेलं टोक सरावाच्या बाणाला लावा.

बसवताना शाफ्टची आतली बाजू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा आणि वाळू द्या. टोक पक्कडीत धरून गरम करा, त्यावर हॉट मेल्ट ग्लू वितळवा आणि फिरवत फिरवत आत सारा. ज्योत कार्बनला लावायची नाही. चटका बसला की शाफ्ट आतून कमकुवत होतो आणि पुढं कधीतरी सुटताना फुटतो. टोक एवढंच गरम असावं की ग्लू वितळेल. पक्कं बसेपर्यंत बाण टोक खाली करून उभा ठेवा.

ग्लू निवडताना सोलापूरचा उन्हाळा लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि उन्हात लावलेली बंद गाडी त्याहून कितीतरी जास्त तापते. कमी तापमानावर वितळणारा ग्लू तिथंच मऊ पडतो आणि मैदानावर पहिल्याच फेरीत टोकं बटात राहतात. बाणांचा डबा गाडीत ठेवू नका, मैदानावरही सावलीत ठेवा. बाण उपसतानाही घर्षणानं टोक तापतं, म्हणून हिसका न देता, फिरवून आणि सरळ रेषेत ओढा. एक हात बटावर, दुसरा बाणावर बटाच्या अगदी जवळ, आणि मागं कुणी उभं नाही ना, हे आधी बघायचं.

शेवटी चाचणी. 18 मीटरवरून पिसं असलेले तीन-चार बाण मारा. मग पिसं नसलेला, पण त्याच टोकाचा बाण मारा. उजव्या हातानं ओढणाऱ्या रिकर्व्ह तिरंदाजाचा बिनपिसाचा बाण बाकीच्यांच्या उजवीकडे लागला तर तो जास्त लवचीक वागतोय, टोक हलकं करा. डावीकडे लागला तर ताठ आहे, टोक जड करा. डावखुऱ्यासाठी उलट. कंपाउंडला हा नियम तसाच लावू नका, तिथं रेस्टची (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराची) जागाही बघावी लागते. आणि मुलाची दोरी सोडण्याची सवय अजून बसली नसेल, दर बाणागणिक हात वेगळा पडत असेल, तर ही चाचणी पुढं ढकला. हात रोज बदलत असेल तर निकालही रोज बदलेल आणि तुम्ही उगाच टोकं विकत घेत बसाल.

सोलापूरच्या मुरमाड जमिनीवर बटाबाहेर गेलेला बाण दगडावर आपटतो. तो उचलला की टोक निखळलंय का ते हातानं बघा आणि कार्बनचा बाण चेहऱ्यापासून लांब धरून हलकेच वाकवा. करकर असा आवाज आला किंवा तंतू हाताला लागला तर शाफ्ट मोडून फेकून द्या, टोक मात्र काढून ठेवा. ते त्याच मापाच्या दुसऱ्या शाफ्टला चालतं.